आगर म्हणजे आगर

कॅरॅव्हॅन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला बरोबर माहितीये. पांढरीशुभ्र लांबलचक गाडी, खिडकीला फुलाफुलांचे पडदे, बाहेर दोन खुर्च्या, खुर्च्यांवर गॉगल लावलेलं जोडपं, हातात सरबत आणि मागे डोंगर. पुसा. सगळं पुसा. डोंगर राहू दे, डोंगर आमच्याकडे हायेत. बाकीचं पुसा.

आमच्या मामाची कॅरॅव्हॅन म्हणजे गणपतीचा टेंपो. पेणमधल्या एका कारखान्यानं मूर्ती पोचवायला वापरलेला, बंद बॉडीचा, छत एवढं उंच की आत उभ्या मूर्तीचा मुकुट लागू नये. मामानं तो घेतला आणि वर्षभर सुट्टीच्या दिवशी त्यात ठोकाठोक केली. पलंग बसवला, पंखा लावला, खिडक्या कापल्या, ड्रायव्हरशी बोलायला मधल्या पत्र्याला एक छोटी जाळी ठेवली. एक बेसिन बसवलं, त्याला मामी मोरी म्हणायची. बाजूला दोरी ओढली की ताडपत्री बाहेर येऊन मांडव व्हायचा, त्याला मामा इंग्रजीत काहीतरी म्हणायचा आणि मामी ताडपत्रीच म्हणायची. कोपऱ्याकोपऱ्यात सोनेरी रंगाचे शिंतोडे होते, ते काही निघाले नाहीत. आणि लोकांची सवयही निघाली नाही. गाडी नाक्यावरून चालली की चार जण चपला काढून हात जोडायचे. पहिल्यांदा मामानं आतून परत नमस्कार केला होता.

मी म्हणजे भाचा. गावात माझी ओळख एवढीच की मला आवाज काढता येतात. शाळेत असताना हेडसरांच्या आवाजात दाराआडून "आज लवकर सुटी, शांतपणे जा" म्हणून मी एक अख्खा वर्ग घरी पाठवला होता. शांतपणे गेले बिचारे. मामीचा आवाज तर मला इतका जमायचा की मी नुसतं "अहो, गॅस संपला" म्हटलं की मामा आतल्या खोलीतून "आणतो, आणतो" करत पायजम्याची नाडी बांधत बाहेर यायचा. मामी तेव्हापासून माझ्याकडे जरा डोळे बारीक करूनच बघते.

आता मुद्द्याचं. मामा रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचा. त्याला ती सोडायची होती आणि ही गाडी लोकांना भाड्यानं फिरवायची होती. मामीला ते खूळ वाटायचं. शेवटी तिनं अट घातली, "एक रविवार मला फिरवा. बागाबिगा दाखवा, गावं दाखवा. त्या डब्यात मला घरातल्यासारखं वाटलं तर सोडा कंपनी. नाय वाटलं तर सोमवारी गुपचूप डबा घ्यायचा आणि शिफ्टला जायचं. परत नाव काढायचं नाय."

म्हणजे मामाची सगळी पुढची जिंदगी एका रविवारावर. आणि त्या रविवारी व्हिडिओ काढायला, म्हणजे पुढे जाहिरातीला होईल म्हणून, त्यानं कोणाला न्यावं? मला.

पण रविवारच्या आधीच घोळ झाला होता, तो सांगतो. मामाबरोबर कंपनीत एक जण आहे, खाडीकाठच्या गावातला. त्याचा फोन आला तेव्हा मामा आंघोळीला होता, म्हणून मी उचलला. मग निरोप मी त्याच्याच आवाजात दिला, मान हलवून, हात उडवून. "दादूस, ऐतवारी आमचे आगरान यवा! आई वाट बघते हाय! नाय आलास तं बघ!"

मामा हसून हसून खाली बसला. मामीही हसली. आणि हसता हसता मामी म्हणाली, "आगर आहे त्यांचा? मग जाऊच या. किती वर्षं झाली मला आगरात जाऊन."

मामीचं माहेर श्रीवर्धनकडचं. तिकडे आगर म्हणजे घरामागची नारळी-पोफळीची बाग. गार, ओली, वरून ऊनसुद्धा गाळून येतं. आमच्या पेणच्या खाडीकडे आगर म्हणजे मिठागर. एक झाड नाही. एक गवताची काडी नाही. शब्द तोच. मामा पेणचा, मी पेणचा, आम्हाला बागेचा अर्थ डोक्यातच आला नाही. आणि मामीला मिठाचा आला नाही. लग्न होऊन ती इतकी वर्षं पेणमध्ये राहते, पण राहते गावात, खाडीवर कशाला जाईल ती?

आठवडाभर दोघं एकमेकांशी आगराबद्दल बोलत होते आणि कोणालाच काही खटकत नव्हतं.

"आगरात बसायला चटई घेते," मामी म्हणायची.

"चटई कशाला, टोपी घे," मामा म्हणायचा.

"आगरात टोपी कशाला?"

"अगो ऊन केवढं असतं!"

"तुमचं आपलं कायतरीच. पाणी सोडलेलं असणार ना पण?"

"म्हणजे काय, पाणी सोडल्याशिवाय होईल कसं?"

मग दोघंही समाधानानं चहा पीत. मला वाटलं मामीला मीठ बघायची हौस आहे. माणसाला काहीही हौस असते. मामाला नाही का टेंपोत मोरीची.

रविवारी निघालो. आधी जिते गावाच्या बाजूला एक नर्सरी, मग पेणला परत येऊन आगर, दुपारी कोलाडला जेवण, संध्याकाळी रोह्याला नदीकाठी बाग. कागदावर हे फार छान दिसत होतं. मामी नवी चादर घालून पलंगावर बसली, मांडीवर चटई, बाजूला एक मोठी रिकामी पिशवी. "ती कशाला गो?" मामानं जाळीतून विचारलं. "आगरातून येताना लागेल," मामी म्हणाली. मामानं मान डोलावली. बरोबरच होतं त्याचं, मीठ आणायला पिशवी लागतेच.

नर्सरीत आम्ही बाग बघायला गेलो होतो. नर्सरीवाल्यानं टेंपो बघितला. मामी मोगऱ्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली, मी व्हिडिओ लावला, मामानं केस विंचरले आणि तो कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "नमस्कार मित्रांनो, आज आपण..." तेवढ्यात त्याच्या मागून दोन गडी आंब्याची कलमं घेऊन चालत गेले. पुन्हा "नमस्कार मित्रांनो." पुन्हा दोन गडी. तिसऱ्यांदा मामी किंचाळली. गडी ती कलमं आमच्या पलंगावर लावत होते. कोणाची तरी मोठी ऑर्डर होती, तिला टेंपो येणार होता, आणि आमच्याहून टेंपोसारखं तिथे दुसरं काय होतं?

"ही राहती गाडी आहे!" मामा ओरडला.

"राहते तर राहू दे की, आम्ही कुठं न्यायला सांगतोय? भरून झालं की न्या," गडी म्हणाला.

नवी चादर तांबड्या मातीनं माखली. कलमं उतरवली, चादर झटकली, नर्सरीवाल्यानं विचारलं, काही घेणार का? मामी म्हणाली, नुसतं जरा बसायचं होतं. तो म्हणाला, "बसायला काय आहे इथं?" हा प्रश्न त्यानं खरोखर विचारला, चारी बाजूंनी फुललेल्या फुलांच्या मधे उभं राहून. मी त्याचा आवाज काढून दाखवला गाडीत, मामी हसली नाही. नोंद करून ठेवा, सकाळीच हसली नाही.

मग आगर.

पेण सोडून खाडीकडे वळलो तशी झाडं कमी कमी होत गेली. जाळीतून मामीचा आवाज आला, "अहो, रस्ता चुकला काय? झाडं कुठायत?" मामा म्हणाला, "येईल येईल, आता आलंच." शेवटी तर नुसता बांध उरला, एका टेंपोपुरता, दोन्ही बाजूंना चौकोन चौकोन पाणी आणि लांब पांढऱ्या राशी. ऊन असं की डोळे उघडवेनात. आणि मधोमध आमचं मागचं डावं चाक बांधाच्या कडेवरून घसरलं, चिखलात बसलं, आणि गाडी अशी कलली की मामीची पिशवी, चटई, मामी, सगळं एका बाजूला.

मामी उतरली. पदर डोक्यावर घेतला. चारी दिशांना बघितलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "आगर कुठाय?"

मामाच्या मित्राची आई राशीवरून खाली येत होती, गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात फळी. ती म्हणाली, "यो काय गो बाय! डोल्यांपुढं!"

"हे नाही. आगर. नारळाचं."

"नारल?" म्हातारीनं खाडीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "नारल पायजे तं बाजारान जावा. आगरान कया नारल लागतान?"

मामीनं मामाकडे बघितलं. त्या बघण्याला मी आजपर्यंत आवाज शोधतोय, मिळालेला नाही.

"मला वाटलं," मामा म्हणाला, "तुला मीठ बघायचंय."

"मीठ! मीठ मी रोज बघते! डब्यात!"

"मग चटई..."

"आगरात बसायला!"

"मी म्हटलं होतं टोपी घे."

खरं सांगतो, हे तो बोलायला नको होता. मामीनं चटई जमिनीवर आपटली. मिठाच्या पाण्यात. मित्र धावत आला, "काय झाला दादूस? वयनी रागावली?" आणि मी, तोंड आवरेल तर मी कसला, मामीच्या आवाजात म्हणालो, "अहो, पाणी सोडलेलं असणार ना पण?" म्हातारी कमरेवर हात ठेवून खो खो हसली. मामी हसली नाही. दुसऱ्यांदा. आणि मामा माझ्याकडे असा बघत होता, जसा काही त्याचा सोमवारचा डबा मीच भरून दिलाय.

गाडी ढकलून निघेना. मित्र म्हणाला, दोर आणि चार माणसं आणतो, पलीकडच्या आगरात आहेत. तोवर काय करायचं? सावली म्हणाल तर क्षितिजापर्यंत नाही. मामा गेला आणि त्यानं दोरी ओढली. ताडपत्री बाहेर आली. गाडी कलल्यामुळे तीही कलली होती, पण सावली होती. त्या सगळ्या पांढऱ्या रखरखाटात तेवढीच एक.

मामी आधी बसली नाही. उन्हातच उभी राहिली, नवऱ्यावरच्या रागापायी. मग म्हातारी ताडपत्रीखाली येऊन बसली, "हुश्श, बेस हाय गो," म्हणाली, आणि तिच्याबरोबर आणखी दोन बायका. दोर घेऊन माणसं आली, तीही आधी सावलीत टेकली. एवढी माणसं दारात येऊन बसली म्हटल्यावर मामीला काही उन्हात उभं राहवेना. ती आत चढली, कललेल्या गाडीत एका हातानं पातेलं धरून चहा टाकला. मी दूध पुढे केलं तर म्हणाली, "तू कशालाच हात लावू नको."

चहा झाला. कप पुरले नाहीत, मग वाट्या आल्या. म्हातारी वाकून आत बघत होती. पलंग, पंखा, मोरी. एक गडी आत पाय ठेवायला गेला तशी मामी कडाडली, "ओ, पाय! पाय पुसा आधी! चिखलाचे पाय घेऊन येतात घरात!"

गडी दचकून मागे सरला. पाय पुसले.

"हा का हाय गो नक्की?" म्हातारीनं विचारलं. "टेंपो का घर?"

"घरच आहे आमचं," मामी म्हणाली, वाटीत चहा ओतत.

मी मामाकडे बघितलं. मामा चाकाखाली दगड लावत होता. त्याला काही ऐकू गेलं नाही. असं असतं आमच्या मामाचं. जे ऐकायचं ते सोडून बाकी सगळं ऐकतो.

गाडी निघाली. म्हातारीनं मामीची रिकामी पिशवी मिठानं भरली, जाड, चमकणारं. "खारवनाला लागल," म्हणाली, म्हणजे मासळी-कैरी खारवायला. मामीनं ती उचलून पलंगावर स्वतःच्या बाजूला ठेवली. ओली चटई मात्र मला धरायला लागली, कोलाडपर्यंत.

कोलाडचं जेवण मी थोडक्यात उरकतो, कारण आम्हीही उरकलं. इतका उशीर झाला होता की हॉटेलात फक्त मिसळ उरली होती, आणि मिसळीतही फक्त तर्री. बाहेर आलो तर एक आजोबा गाडीच्या मागच्या दाराशी चपला काढून उभे. मामी दमून आधीच आत जाऊन बसली होती. आजोबांनी पडदा जरासा सारला, हात जोडले, डोळे मिटले, उघडले. समोर मामी, मांडीवर मिठाची पिशवी. मामीनं गोंधळून उजवा हात वर केला. आजोबा नमस्कार करून गेले. मी हसलो नाही, शप्पथ. ओठ चावून रक्त काढलं.

रोह्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. कुंडलिकेकाठी बाग आहे, तिथे एकदाची मामी एका बाकावर, एका झाडाखाली बसली. सकाळी जे करायला घरातून निघालो ते. मामा तिच्या शेजारी, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी व्हिडिओ लावला. मामानं हळूच सुरुवात केली, "नमस्कार मित्रांनो..." आणि बागेचा राखणदार आला. त्यानं गाडीकडे बोट केलं, "मूर्ती उतरवायची असेल तर पलीकडच्या गेटानं. इथं नाय लावायची."

"मूर्ती नाय त्यात," मामा म्हणाला. आवाजात काही उरलंच नव्हतं त्याच्या.

"मग काय हाय?"

मामा उठला आणि गाडी काढायला गेला. मामी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "चल, पिशवी एकटीच आहे आत."

परतीच्या वाटेवर मी मागे होतो, मामीसमोर खालीच बसलेलो. अंधारून आलं होतं. गाडीला ज्या नवीन लायटी लावल्या होत्या त्यांतली एकच लागत होती. मामी पलंगावर आडवी, डोळे मिटलेले. नागोठणं आलं, गेलं. मग जाळीतून मामाचा आवाज आला, एकदम खालच्या पट्टीत.

"मग? जाऊ ना उद्या शिफ्टला?"

थोड्या वेळानं परत, "सांग गो काय ते. मी डोक्यातून काढून टाकतो."

मला वाटलं मामी झोपली. दिवसभर मी दोघांचं बघत होतो. हा विचारणार नाही, ती सांगणार नाही, हा टोपी म्हणणार, ती चटई म्हणणार. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं ना, घरच आहे आमचं! पाय पुसायला लावले होते तिनं! आणि हा माणूस पुढे बसून उद्याच्या डब्यात भाजी कोणती याचा विचार करतोय. असा वैताग आला मला, की तोंड आपोआप जाळीशी गेलं आणि मामीच्या आवाजात म्हणालं,

"अहो, सोडा ती कंपनी एकदाची."

करकचून ब्रेक. मी पत्र्यावर आपटलो, पिशवी माझ्यावर, मीठ सगळीकडे. गाडी कडेला. मामा उतरला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलायला लागला की पलीकडच्या साहेबाला फोनशिवायही ऐकू गेलं असतं. "साहेब, उद्यापासून येणार नाय मी! नाय नाय, बरा हाय, मस्त हाय! बायकोच म्हणाली, सोडा एकदाची!"

पलंगावर मामी उठून बसली. झोपली नव्हतीच. केसांतून मीठ झटकत तिनं माझ्याकडे बघितलं आणि सुरू झाली.

"मी म्हणाले? कधी म्हणाले? मी म्हणणार होते! उद्या सकाळी, यांच्या हातात चहा देताना, चांगलं रात्रभर तंगवून म्हणणार होते! आयुष्यात एकदा यांचं तोंड बघायचं होतं मला ते ऐकताना! तर हे बाहेर अंधारात उभे राहून साहेबाला तोंड दाखवतायत! माझं 'हो' आहे ते, तू कोण म्हणणारा? नर्सरीवाला हो, हेडसर हो, म्हातारी हो, जो व्हायचं तो हो, माझ्या तोंडात शिरू नको! आणि 'एकदाची'? मी कधी एकदाची म्हणते?"

"म्हणतेस गो," मामा दारात येऊन म्हणाला. ओल्या डोळ्यांनी, हसत.

"तुम्ही गाडी चालवा! आणि चपला बाहेर!" मग परत माझ्याकडे. "गोळा कर ते मीठ. एक खडा राहता कामा नये. आणि परत जर माझा आवाज काढलास ना, तर त्या आगरात नेऊन पुरीन तुला!"

मी खडे वेचता वेचता, अगदी माझ्या स्वतःच्या आवाजात विचारलं, "कुठल्या, मामी? नारळाच्या की मिठाच्या?"

"मिठाच्या!" मामी म्हणाली. "टिकशील तरी!"